तारामतीपासून जोधाबाईपर्यंत

दादासाहेब फाळके हे आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, म्हणून त्यांच्याविषयी इकडच्या जुन्या मंडळींना अंमळ जास्तच आपलेपणा. त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही, ही हकीकत आता सर्वांच्या परिचयाची आहे. समाजाने ज्यांना आधीच उंबऱ्याबाहेर ठेवले होते अशा बायकांनीसुद्धा कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे नाकारले. अखेर खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून फाळक्यांनी आपली तारामती उभी केली.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, हीच कथा पुन्हा पडद्यावर आली, आणि या खेपेस ती बोलू लागली होती. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट. त्यातली तारामती मुंबईच्या एका नामांकित घराण्यातली, कॉन्व्हेंटच्या धाटणीच्या इंग्रजी शाळेत आणि पुढे सेंट झेवियर कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई होती. तिचे नाव दुर्गा खोटे. त्या एकोणीस वर्षांत काय बदलले आणि काय मुळीच बदलले नव्हते, हे दुर्गाबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे नीट ध्यानात येते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे आडनाव लाड, घरातले नाव विठा. कुटुंब मूळचे गोव्याकडचे. घरात बोलणे कोकणीत, आणि बिऱ्हाड गिरगावातल्या कांदेवाडीत. वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. मोठे एकत्र कुटुंब होते, घरी माणसांचा राबता होता, आणि मुलींच्या शिक्षणाला त्या काळच्या मानाने पुष्कळच मोकळीक होती. कॅथीड्रल शाळेत इंग्रजी वळणाचे शिक्षण झाले, पुढे कॉलेजात नाव घातले गेले, आणि कॉलेजात असतानाच खोट्यांच्या घरी लग्न झाले. खोटे हेही मुंबईतले मोठे प्रस्थ. मुलीचे कल्याण झाले असे लाडांच्या घरात सर्वांनाच वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पण श्रीमंती ही काही कोणाच्या घरी कायमची मुक्कामाला येत नाही. सासरचा पैसा गेला. ज्या घरात नोकरचाकर होते, त्या घरातल्या सुनेला चार पैसे मिळवण्याचा विचार करावा लागला. दुर्गाबाईंनी शिकवण्या धरल्या. ऐन तारुण्यात पुढे वैधव्यही आले, आणि बकुल व हरीन या दोन मुलांना वाढवण्याचा भार एकटीवर पडला. त्या काळी घरंदाज बाईला कमाईच्या वाटा किती होत्या, हे ज्यांनी आपल्या घरातल्या आजी-मावश्यांची आयुष्ये पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. शिवणकाम, शिकवणी, शाळेतली मास्तरकी, आणि याखेरीज आश्रिताचे जिणे. दुर्गाबाईंनी आश्रित होण्याचे नाकारले, हे त्यांच्या चरित्रातले पहिले पाऊल आहे असे मी समजतो. सिनेमा हे त्यानंतरचे.

सिनेमात त्या आल्या त्या काही हौस म्हणून नव्हे. १९३१ साली मोहन भवनानी ‘फरेबी जाल’ नावाचा चित्रपट काढीत होते. तो होता मूकपटच, पण बोलपटाची लाट आली म्हणून त्याला थोडासा बोलका भाग जोडायचा होता, आणि त्यासाठी एक सुशिक्षित तरुणी हवी होती. काम थोडे होते आणि पैसे मिळणार होते. संपूर्ण चित्रपट काय आहे याची पुरती कल्पना नसताना दुर्गाबाईंनी ते काम केले. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो सामान्य, किंबहुना हीन अभिरुचीचा निघाला, आणि जाहिरातीत मात्र घराण्याच्या नावाचा उपयोग झालेला. गिरगावात काय गदारोळ उठला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. लाडांची लेक, खोट्यांची सून, आणि हे असले चित्र!

इथेच बहुतेकींची कहाणी संपली असती. घरच्यांनी दार लावून घेतले असते आणि मुलीनेही पुन्हा त्या वाटेचे नाव काढले नसते. परंतु त्याच थोड्याशा दृश्यांमध्ये एका माणसाला दुसरे काही दिसले. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम त्या वेळी आपल्या पहिल्या बोलपटासाठी तारामती शोधीत होते. त्यांनी दुर्गाबाईंना निवडले. ज्या चित्राने नाव बुडाले, त्याच चित्राने काम मिळवून दिले.

प्रभातची स्थापना १९२९ ची. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर ही सगळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी, भागीदार म्हणून सीताराम कुलकर्णी. कलाकार आणि कारागीर असा भेद तिथे नव्हता, आणि कंपनीची शिस्त एखाद्या घरासारखी होती. बदनामीच्या धक्क्यातून बाहेर येणाऱ्या बाईला अशीच जागा हवी होती. शिवाय हरिश्चंद्राची कथा घराघरात पूज्य. सत्त्वाची परीक्षा देणारी राणी उभी करणाऱ्या बाईवर बोट ठेवणे टीकाकारांनाही अवघड होते. पौराणिक कथेचा हा एक फायदा आपल्याकडे अनेक नव्या गोष्टींना मिळालेला आहे.

दुर्गाबाई म्हणजे चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या मराठी स्त्री, असे कित्येकदा ठोकून दिले जाते, ते मात्र खरे नव्हे. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी कामे केली होती. रंगभूमीवरही, आपल्या गावाचे नाव लावणाऱ्या हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास भावंडांसह मंडळी काढून स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करायची हे करून दाखवले होते. फरक असा की त्या घरांत कला होती, गाणे होते, रंगभूमीचा संबंध होता. दुर्गाबाईंच्या घरात यातले काही नव्हते. त्यांनी जे केले ते वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वस्तीतून बाहेर पडून केले, आणि म्हणून त्याचा परिणाम त्या वस्तीवर झाला.

‘अयोध्येचा राजा’ मध्ये हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. गोविंदरावांचे नाव आले की आमच्यासारख्या संगीतातल्या माणसाची लेखणी थोडी रेंगाळणारच. भास्करबुवा बखल्यांची पेटीवर साथ करणारे, ‘मानापमान’च्या चालींनी महाराष्ट्राला वेड लावणारे, बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत असलेले गोविंदराव. भास्करबुवांनी बडोद्यात फैजमहंमद खाँसाहेबांकडून तालीम घेतली होती आणि गंधर्व मंडळीला श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, तेव्हा हे सगळे नाते शेवटी आपल्या वाड्यांपर्यंत येऊन पोहोचते. असा कसलेला गायक-नट समोर, आणि दुर्गाबाई तालमीच्या गाण्यात न मुरलेल्या.

आणि गाणे तर स्वतःच म्हणायचे होते. पार्श्वगायनाची युक्ती आपल्याकडे आली ती १९३५ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये. त्यापूर्वी पडद्यावर जो दिसे, तोच गाई, आणि तेही चित्रण चालू असतानाच. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. ध्वनिग्राहक असा ठेवावा लागे की तो चित्रात दिसू नये, पण गाणाऱ्याचा श्वासही त्याने टिपावा. साथ फार जवळ असली तर आवाज दबे, दूर असली तर सूर निसटे. त्यातून एखादा शब्द चुकला, एखादे वाद्य उतरले, बाहेर कुत्रे भुंकले की सगळे पहिल्यापासून. आज एक ओळ तीसदा गाऊन त्यातले बरे तुकडे जोडता येतात. १९३२ साली गाण्याबरोबर अभिनय, अभिनयाबरोबर प्रकाशातली जागा, आणि एवढे करून चेहऱ्यावर पुत्रवियोगाचे दुःख, हे सारे एका दमात साधायचे असे.

मी विद्यार्थ्यांना त्या चित्रपटातील रोहिदासाच्या अंगाईचे गाणे आवर्जून ऐकायला सांगतो. गळ्याची फिरत पाहू गेल्यास त्यात काही नाही. हिराबाईंचा सूर ऐकलेल्या कानाला ते साधेच वाटेल. पण शब्द कसा स्पष्ट ठेवलेला आहे, श्वास कुठे घेतला आहे, आणि सुराने आपल्या शक्तीच्या बाहेर पाऊल कसे टाकलेले नाही, हे शिकण्याजोगे आहे. माझे वडील दरबारी गवई. नटनट्यांच्या गाण्याविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. परंतु ज्याला आपल्या गळ्याची मर्यादा ठाऊक आहे तो बेसूर होत नाही, असे ते मानीत, आणि दुर्गाबाईंना ती मर्यादा ठाऊक होती. गोविंदरावांनीही चाली तशाच बेताने दिल्या. गवयाने नटीसाठी चाल बांधताना आपली विद्या आवरावी लागते. ते सगळ्यांना साधत नाही.

चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला आणि दोन्हीकडे गाजला. कालपर्यंत ज्या घरांत ‘फरेबी जाल’चे नाव काढणे पाप होते, त्या घरांतल्या बायकामुली तारामती पाहायला गेल्या आणि डोळे पुसत परतल्या. दुर्गाबाईंच्या मागून सुशिक्षित घरांतल्या मुली चित्रपटात येऊ लागल्या. पुढे ग्वाल्हेरच्या पवार सरदारांच्या घरातल्या वनमालाबाई आल्या, त्यांचा निर्णय काही सोपा नव्हता. पण कुणीतरी आधी गेले होते, एवढा तरी आधार त्यांना होता.

त्याच वर्षी प्रभातने ‘माया मच्छिंद्र’ काढला. स्त्रीराज्याची राणी किलोतला, आणि तिच्या पायाशी जिवंत चित्ता! तारामतीचे आसू पुसून होतात न होतात तोच प्रेक्षकांना ही करारी राणी दिसली. उंच बांधा, ताठ मान, रोखून पाहण्याची सवय. रडण्यापेक्षा हुकूम देणे दुर्गाबाईंना जास्त शोभे, हे शांतारामांनी लवकरच ओळखले होते.

यानंतर त्यांनी जे केले त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो काळ कंपन्यांचा. नटनटी महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत, आणि मालकाच्या परवानगीखेरीज दुसऱ्या कंपनीत पाऊल टाकता येत नसे. संस्थानी दरबारात कलावंतांची जी स्थिती होती, तीच थोड्याफार फरकाने तिथे होती. पगार नियमित, मान ठीक, पण दार बाहेरून बंद. दुर्गाबाईंनी कोणा एकाचे होऊन राहण्याचे नाकारले. जिथे चांगली भूमिका तिथे त्या गेल्या. १९३३ साली कलकत्त्याला न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’मध्ये त्या मीरा झाल्या. १९३४ साली त्याच दिग्दर्शकाच्या ‘सीता’मध्ये त्या सीता आणि पृथ्वीराज कपूर राम. हा ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा चित्रपट त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि परदेशी महोत्सवात गेलेला तो पहिला भारतीय बोलपट समजतात. १९३५ च्या ‘इन्किलाब’मध्येही दुर्गाबाई आणि पृथ्वीराज होते. त्यात एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा चिमुकल्या कामासाठी उभा राहिला होता. तो पृथ्वीराजांचा थोरला, राज. या मुलाची गाठ पुढे पुन्हा पडायची आहे.

दोन मुलांना मागे ठेवून कलकत्त्याला जायचे, अनोळखी भाषेच्या वातावरणात महिनोन्महिने काम करायचे, करार स्वतः वाचून सही करायची, आणि पैसे स्वतः मोजून घ्यायचे. हे आज सांगताना किरकोळ वाटते. त्या काळी पुरुष नटांनाही हे जमत नव्हते.

प्रभात कोल्हापूर सोडून १९३३ साली पुण्याला आली होती. दुर्गाबाई तिथे परतल्या त्या १९३६ च्या ‘अमर ज्योती’साठी. माझ्या मते त्यांच्या पडद्यावरच्या कामातले हे शिखर. सौदामिनी ही सागरी लुटारूंची नायिका. मुलावर आईचा हक्क राज्याचा कायदा मानीत नाही, म्हणून तिने बंड पुकारलेले. न्यायमंत्री दुर्जयाचे काम चंद्रमोहन यांनी केले होते, बरोबर शांता आपटे, आणि संगीत मास्तर कृष्णरावांचे. कथा कल्पित राज्याची, पोशाख भरजरी, गलबते आणि तलवारी. पण त्यातला प्रश्न त्या वेळच्या घराघरातला होता. आपल्या पोरांसाठी घराबाहेर पडलेल्या बाईने हे काम केले, म्हणून ते इतके खरे उतरले काय, याचे उत्तर कोण देणार? एवढे खरे की सौदामिनी बोलते तेव्हा ती कोणाची दया मागत नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

१९३७ साली त्यांनी ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती केली. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या भूमिका मी भरभर सांगून टाकतो, कारण त्यांतल्या सगळ्याच काही त्यांच्या तोलाच्या नव्हत्या. दोन-तीन मात्र वगळता येत नाहीत. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त, १९४१ साली, त्या छळवादी सासू झाल्या, आणि छळ सोसणारी सून होत्या वर उल्लेखिलेल्या वनमालाबाई. नायिकेच्या भूमिका मिळत असताना सासूचे काम पत्करणे म्हणजे आपल्या हाताने आपले वय वाढवून घेणे. दुर्गाबाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांनी ते काम असे केले की बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. पुढच्या वर्षी विजय भट्टांच्या ‘भरत मिलाप’मधल्या कैकेयीसाठी पुन्हा तोच मान. सीता झालेली बाई आठ वर्षांनी कैकेयी होते आणि दोन्हींत शोभते, हे पौराणिक चित्रपटांच्या प्रेक्षकाला पचणे कठीण असते. त्याने ते पचवले.

१९४३ साली सोहराब मोदींचा ‘पृथ्वीवल्लभ’ आला. कन्हैयालाल मुनशी हे बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांची ही कादंबरी इथल्या गुजराती शेजाऱ्यांच्या घरोघरी वाचली गेलेली. आपल्यातल्याही कित्येक घरांत ती मुळातून वाचणारे होते. मुंजाला कैद करून आणणारी, त्याचा गर्व उतरवू पाहणारी आणि शेवटी स्वतःच हरणारी मृणालवती दुर्गाबाईंनी रंगवली. समोर मोदींचा गडगडाटी आवाज. त्याला उत्तर द्यायचे तर ओरडून चालणारे नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला, शब्दांना धार दिली, आणि प्रसंग तोलून धरला.

आता रंगभूमीकडे वळतो. इतर नट्या नाटकातून चित्रपटात आल्या. दुर्गाबाई उलट्या वाटेने गेल्या, चित्रपटातून नाटकात, आणि तेही पोक्त वयात. १९३०-३५ च्या सुमारास बोलपटांनी नाटक मंडळ्या एकामागून एक बसवल्या, ही आपल्या सर्वांच्या घरची कहाणी आहे. संस्थानांतून मुक्काम ठोकणाऱ्या मंडळ्यांचे तंबू उठले, पडदे विकले गेले, पेटीवादक आणि तबलजी रेडिओकडे नाहीतर स्टुडिओकडे गेले. ज्या माध्यमाने नाटकाचे हे हाल केले, त्याच माध्यमातली अव्वल नटी मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून उभी राहिली, याचे मोल म्हणून अधिक. १९४३ साली मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाल्यावर डॉ. भालेरावांनी साहित्य संघातर्फे नाट्यमहोत्सवांचा जो घाट घातला, त्यातून जुनी नाटके नव्या हौसेने उभी राहू लागली होती. संघाची जागा गिरगावात केळेवाडीत. दुर्गाबाईंचे बालपण गेले त्या कांदेवाडीपासून हाकेच्या अंतरावर. ज्या गिरगावाने १९३१ साली नाक मुरडले होते, त्याच गिरगावात त्या आता तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या, आणि पाहायला तीच माणसे.

खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली त्यांची आनंदीबाई ही जाणकारांनी वाखाणलेली भूमिका. राघोबा नानासाहेब फाटक. बडोदेकरांना राघोबादादांची कथा नव्याने सांगायला नको. त्यांच्या भांडणाचा धुरळा गायकवाडांच्या घरातल्या भाऊबंदकीत कसा मिसळला, ते आपल्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून सापडते. प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई केली होती ललिता पवारांनी, आणि ती कपटाने भरलेली होती. दुर्गाबाईंच्या आनंदीबाईत कपटाहून महत्त्वाकांक्षा मोठी. नवऱ्याच्या कर्तबगारीवर विश्वास आणि त्याच्या दुबळेपणाचा तिटकारा, असे ते दुहेरी रसायन होते. खाडिलकरांची भाषा जडभारी, वाक्ये लांबलचक. एका दमात ती टाकायची तर छाती हवी. ध्वनिग्राहकाच्या कुजबुजीला सरावलेल्या नटीची तिथे फजिती व्हायची. दुर्गाबाईंची झाली नाही.

मग १९५४ साली ‘राजमुकुट’. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चे मराठी रूप केले, हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने ते साहित्य संघासाठी बसवले, आणि नानासाहेब फाटकांच्या जोडीला लेडी मॅक्बेथची भूमिका दुर्गाबाईंनी केली. वय एकोणपन्नास. चित्रपटात या वयाला आई-आजीच्या दोन वाक्यांपलीकडे काही मिळत नाही. रंगभूमीने त्यांना राजाच्या रक्ताने हात माखून घेणारी स्त्री दिली. आनंदीबाई आणि ही बाई, दोघी एकाच जातकुळीतल्या. एकीने दुसरीची तयारी करून घेतली असे म्हटले तरी चालेल. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

आनंदाबरोबर दुःखही त्यांच्या वाट्याला पुष्कळ आले. धाकटा मुलगा हरीन ऐन उमेदीत गेला. हरीनच्या पत्नी विजया, माहेरच्या जयवंत, यांचा जन्म १९३४ साली बडोद्याचा. पुढे विजया मेहता या नावाने ‘रंगायन’च्या एक संस्थापक आणि मराठी रंगभूमीच्या श्रेष्ठ दिग्दर्शिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक झाल्या. सासू आणि सून दोघींनी मराठी रंगभूमी गाजवावी, आणि त्यांतली एक आपल्या गावात जन्मलेली असावी, हा योग इथल्या वाचकांनी मनात नोंदून ठेवण्यासारखा आहे.

दुर्गाबाईंनी याच काळात ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढून माहितीपट आणि लघुपट बनवायला सुरुवात केली. पुढे तिचेच ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ झाले. नटी म्हणून मिळणारे काम वयाबरोबर आटत जाणार, हे त्यांनी वेळेवर ओळखले होते. या संस्थेने १९८८ साली दूरदर्शनसाठी केलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारलेली होती, आणि तिने घरोघरच्या लोकांना हसवले. पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की हे ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामतीच्या संस्थेचे काम आहे?

१९६० साली ‘मुगल-ए-आझम’ आला. पृथ्वीराज अकबर, दुर्गाबाई जोधाबाई. १९३४ चे राम-सीता सव्वीस वर्षांनी बादशहा आणि राणी होऊन समोरासमोर उभे होते. सलीम-अनारकलीची ती कथा, पण नवरा आणि मुलगा एकमेकांवर तलवार उपसून उभे असताना मधोमध राहिलेली बाई दुर्गाबाईंनी ज्या संयमाने दाखवली, त्याला तोड नाही. त्या चित्रपटात सगळेच मोठ्याने बोलतात. जोधाबाई बहुतेक वेळ गप्प असते, आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहत राहतो.

मग आजी-मावशीच्या भूमिका. इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांच्या १९६३ च्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये नायकाची आई, १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये मावशी. त्याच वर्षी ‘बॉबी’. ‘इन्किलाब’मधला तो चिमुकला राज आता मोठा दिग्दर्शक झाला होता, आणि त्याने दुर्गाबाईंना गोव्याच्या ख्रिस्ती आजीचे, मिसेस ब्रगांझाचे काम दिले. गोव्याच्या मातीतले घराणे, घरात कोकणी, तेव्हा ती आजी त्यांना कोठून शोधून आणावी लागली नाही. १९७४ च्या ‘बिदाई’तल्या आईसाठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. १९६८ साली पद्मश्री झालीच होती. सुमारे दोनशे चित्रपट आणि पन्नास वर्षे. यांतले कित्येक चित्रपट त्यांनी केले नसते तरी चालले असते. पण पोटासाठी काम करणाऱ्याला दर वेळी निवड करता येत नाही, आणि त्यांनी कधी तसा आवही आणला नाही.

१९८२ साली ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडे नटनट्यांची आत्मचरित्रे बहुधा मानपत्रांची यादी होऊन बसतात. हे तसे नाही. घर कसे बसले, कोण कसे वागले, आपण कुठे चुकलो, हे त्यांनी लपवलेले नाही, आणि कोणावर सूडही उगवलेला नाही. ज्यांच्या घरी मराठी पुस्तकांचे कपाट अजून शाबूत आहे, त्यांनी ते शोधून पाहावे. २००६ साली शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवादही निघाला, तेव्हा मराठी न वाचणाऱ्या नातवंडांनाही आता सबब राहिलेली नाही.

१९८३ चे दादासाहेब फाळके पारितोषिक दुर्गाबाईंना मिळाले. ज्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा सन्मान एका तारामतीला मिळावा, आणि तिला निवडणाऱ्या शांतारामांना तो तिच्यानंतर, १९८५ चा मिळावा, हा क्रम मला मोठा मौजेचा वाटतो. अखेरची काही वर्षे दुर्गाबाईंचा मुक्काम पुष्कळसा अलिबागेस असे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, आज कुठेही शिल्लक नाही. त्याच्या प्रती नष्ट झाल्या. उपलब्ध बोलपटांत सर्वांत जुना म्हणून जो आज पाहता येतो, तो ‘अयोध्येचा राजा’. चित्र पुसट झाले आहे, आवाज खरखरतो, गोविंदरावांची पेटी मधूनच बुडते. अंगाई मात्र शब्दन्‌शब्द ऐकू येते.